पंधराचे सतरा, सतराचे सोळा : लो प्रोफाइल टायर लावतानाचा माझा अनुभव

१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज. आईला घेऊन मी नागपूरच्या मनीष नगरहून सकाळी साडेसहाला निघाले. जायचं होतं कारंजा लाडला, मामाकडे. समृद्धी महामार्गावरून दीडशे-एक किलोमीटर, दोन तासांत पोचू असा हिशेब. शिवमडक्याला टोलच्या अलीकडेच गाडी बाजूला घ्यायला लावली. त्या वर्षी समृद्धीवर अपघात वाढले होते, म्हणून परिवहन विभागाची माणसं तिथे टायर तपासत होती. एक साहेब वाकून पुढच्या टायरवर बोट टेकवून म्हणाले, "या मॅडम, बघा जी."

टायरच्या खाचांमध्ये मध्ये मध्ये रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. त्या १.६ मिलिमीटर उंचीच्या असतात आणि टायर घासून त्यांच्या बरोबरीला आला की कायद्यानेही तो बाद. माझ्या टायरवर पट्टी आणि टायर एकाच पातळीत आलेले होते. नखाला काही फरकच लागत नव्हता. पाच वर्षं मी ही गाडी रोज चालवते, आणि त्या पट्टीकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. "एकशेवीसच्या रस्त्यावर हे टायर नाही चालणार. परत जा," असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आम्ही परत फिरलो, गाडी घरी लावली आणि गणेशपेठहून एसटी पकडली. मामाकडे पोचायला दुपारचे दोन वाजले. वाईट वाटलं, पण त्या साहेबांचे मी आजही आभार मानते.

इथून पुढचे दहा महिने टायर या एका विषयात गेले. मी पंधरा इंचांवरून सतराच्या लो प्रोफाइल टायरवर गेले आणि तिथून सोळावर आले. बऱ्याच गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या तर पैसेही वाचले असते आणि पावसातला एक वाईट प्रसंगही. म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहिते आहे.

गाडी मारुतीची बलेनो, डेल्टा प्रकारातली, पेट्रोल, फेब्रुवारी २०१९ ची. तेव्हा बावन्न हजार किलोमीटर झाले होते. मी बुटीबोरीला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, त्यामुळे वर्धा रोडनं जाऊन-येऊन रोज चव्वेचाळीस किलोमीटर होतात. कंपनीकडून आलेले टायर १८५/६५ आर१५, स्टीलच्या रिमवर.

हे आकडे एकदा समजून घेतले की दुकानात कुणी गोंधळात टाकू शकत नाही. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, साइडवॉलची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. म्हणजे १८५ चे ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. लो प्रोफाइल म्हणजे हा मधला आकडा कमी करायचा आणि रिम मोठा घ्यायचा. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, रबर कमी होतं आणि धातू वाढतो. बाकी सगळे परिणाम याच अदलाबदलीतून येतात.

२ डिसेंबरला, शनिवारी, घाट रोडच्या बाजूला टायरच्या दुकानांत फिरले. माझी खरी तक्रार अशी होती की समृद्धीवर शंभरच्या पुढे गाडी थोडी तरंगल्यासारखी वाटायची. शेजारून मोठी बस गेली की स्टीअरिंग सांभाळावं लागायचं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची गाडी मी चालवली होती. तिच्या गाडीला रुंद, बुटके टायर होते आणि गाडी रस्त्याला धरून चालायची. मला तसंच हवं होतं.

तिसऱ्या दुकानात सांगण्यात आलं, "ताई, पंधरात काही मजा नाही. सतरा टाका. २०५/४५. गाडी रस्ता सोडणारच नाही. कायले विचार करता?" मी खडखड होईल का विचारलं, तर म्हणाले, "थोडी कडक लागन, पण सवय होऊन जाते." गॅरंटी, विमा, वजन क्षमता या गोष्टी मी विचारल्या नाहीत आणि त्यांनी काढल्या नाहीत. मी आठवडाभर विचार केला, दिवाळीचा बोनस होता. ९ डिसेंबरला गाडी दिली.

बिल असं झालं: सतरा इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे रिम, चार, बेचाळीस हजार. टायर एकाला नऊ हजार दोनशे, चारचे छत्तीस हजार आठशे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह मिळून बाराशे. एकूण ऐंशी हजार. जुन्या स्टीलच्या रिम त्यांना हजार रुपयांत हव्या होत्या, मी घरी आणल्या. डिकीतली स्टेपनी पंधरा इंचीच राहिली.

एक काम मात्र मी तिथेच केलं होतं आणि ते तुम्हीही करा. टायरच्या साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या जुन्या टायरवर ४८१८ होतं, म्हणजे २०१८ चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. नव्या चारांवर मी मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं. तीन ३१२३ चे होते, एक ०९२२ चा. तो बदलून मागितला, त्यांनी तासाभरात दुसऱ्या दुकानातून आणून दिला. टायर आणि रिम दोन्हींवर आयएसआयची खूण आहे का तेही पाहा.

पहिल्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता. स्टीअरिंग नुसतं मनात आणलं की गाडी वळत होती. कारण सरळ आहे. उंच साइडवॉल वळताना आधी स्वतः वाकते आणि मग गाडीला वळवते. ती बुटकी झाली की मधला तो क्षण नाहीसा होतो. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून येताना लेन बदलणं एका हालचालीत व्हायला लागलं. २४ डिसेंबरला समृद्धीवर कारंज्याला गेलो तेव्हा एकशेदहालाही गाडी ठाम होती. मामानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

पण त्याच प्रवासात पंच्याण्णवच्या आसपास स्टीअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवली. नव्वदला नाही, एकशेपाचला नाही, नेमकी मध्ये. दुकानात दोनदा बॅलन्सिंग केलं, गेलं नाही. जानेवारीच्या मध्यात आमच्या कॉलनीतल्या जुन्या मिस्त्रीकाकांनी चाक काढून दाखवलं. गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला गोल ५४.१ मिलिमीटरचा असतो आणि बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक मोठं असतं, कारण तोच अलॉय अनेक गाड्यांना विकायचा असतो. मधली फट भरायला हब रिंग नावाची कडी लागते. माझ्या चाकांत ती घातलीच नव्हती, चाक नुसत्या नटांच्या आधारानं बसलेलं होतं. चार कड्यांचे आठशे रुपये. थरथर त्याच दिवशी गेली. बाहेरचे अलॉय घेणार असाल तर हब रिंग बसवताना समोर उभे राहून पाहा.

आता उरलेला हिशेब. टाकी पूर्ण भरून, पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे किलोमीटर आणि लिटर मी वहीत लिहिते. जुन्या टायरवर तीन टाक्यांची सरासरी लिटरला १८.४ किलोमीटर होती. सतरावर ती १६.७ झाली. महिन्याला सहा लिटर जास्त. मनीष नगरच्या पुलावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्वीपेक्षा जड चढते हे पायाला कळत होतं. रुंद टायर, जड रिम, आणि ते वजन चाकाच्या कडेकडे सरकलेलं, त्यामुळे फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो.

वेग दाखवणाऱ्या मीटरचाही लोक बाऊ करतात, म्हणून मोजून पाहिलं. १८५/६५ आर१५ चा व्यास येतो ६२१.५ मिलिमीटर, २०५/४५ आर१७ चा ६१६.३. फरक एक टक्क्याहून कमी. मोबाईलच्या जीपीएसवर पाहिलं तर मीटर शंभर दाखवत असताना आधी वेग शहाण्णव असायचा, आता पंच्याण्णव. गाडी खाली येते म्हणतात, तर ती व्यासाच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे अडीच मिलिमीटर खाली आली. व्यास सांभाळला असेल तर या दोन गोष्टींची काळजी नको.

काळजी करायची ती साइडवॉलची. १२० मिलिमीटरची भिंत ९२ वर आली होती. टायरमधली हवा हीच गाडीची पहिली स्प्रिंग असते, बाकी सस्पेन्शन तिच्यानंतर. ती स्प्रिंग एक इंचाहून जास्त आखूड झाली.

नागपूरचे रस्ते ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते भरपूर आहेत, लांबून गुळगुळीत दिसतात. पण दोन स्लॅबमधला सांधा, सिमेंट संपून गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात ती कड, चेंबरचं झाकण एक-दीड इंच खाली किंवा वर, हे सगळं मला आता हाडापर्यंत कळायला लागलं. पुलाच्या प्रत्येक जोडावर ठक्, ठक्. रस्त्याच्या लांबीत जाणाऱ्या सांध्यावर रुंद टायर चढला की स्टीअरिंग त्या रेघेकडे ओढलं जायचं. समृद्धी काँक्रीटचा आहे, तिथे टायरचा घूं घूं आवाज इतका वाढला की आईशी बोलायला आवाज चढवावा लागायचा.

आईला मणक्याचा त्रास आहे. ती तक्रार करत नाही. फेब्रुवारीत एकदा तिला धंतोलीला डॉक्टरांकडे नेत होते. आरशात पाहिलं तर तिनं दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती आणि समोरच्या रस्त्याकडे टक लावून पाहत होती. पुढचा गचका कुठे येणार ते ती आधीच हेरत होती. मी विचारलं तर म्हणाली, "नाही गं, मी बरी आहे." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी चुकले.

मार्चच्या सर्व्हिसिंगमध्ये सस्पेन्शनचे पुढचे दोन्ही लिंक रॉड बदलावे लागले, चोवीसशे रुपये. ते टायरमुळेच गेले असं मी म्हणणार नाही, पाच वर्षांची गाडी आहे. पण मिस्त्रीकाका म्हणाले, "बाई, आधी अर्धा मार टायर खात होता. आता तो सारा खाली जाऊन राहिला."

मे महिना हवेच्या काळजीत गेला. पंचेचाळीस अंशांत वर्धा रोडवर तासभर चाललेल्या टायरमध्ये हवेचा दाब सकाळपेक्षा चार-पाच पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसतो. पंपावरचा मुलगा ती काढून टाकायला निघायचा. काढू देऊ नका. दाब सकाळी, गाडी थंड असतानाच मोजायचा आणि दुपारी वाढलेला तसाच सोडायचा. नाही तर रात्री गाडी गार झाल्यावर हवा कमी पडते. कमी हवा कुठल्याही टायरला वाईट, पण बुटक्या टायरला फार वाईट, कारण रिम आणि रस्ता यांच्यात तेवढंच अंतर असतं. मी बाराशे रुपयांचा हातातला गेज घेतला आणि दर रविवारी सकाळी मोजायला लागले. तेव्हा कळलं की दुकानात तीस भरून दिली होती. माझ्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर त्याहून जास्त लिहिलेली आहे. म्हणजे पाच महिने मी कमी हवेवर फिरत होते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो प्रसंग आला. संध्याकाळी सातची वेळ, मुसळधार पाऊस, जामठा ओलांडून मी नागपूरकडे येत होते. पुढे ट्रक अडकले म्हणून सगळ्यांसारखी सर्व्हिस रोडला उतरले. पाणी सगळीकडे एकसारखं पसरलं होतं, खाली काय आहे दिसत नव्हतं. वेग तीस-पस्तीस. डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि हातोडा बसावा तसा आवाज झाला. स्टीअरिंग डावीकडे झालं. शंभर फुटांवर एका चहाच्या टपरीपाशी थांबले.

टॉर्चच्या उजेडात पाहिलं. साइडवॉलवर, कंपनीच्या नावाच्या अगदी खाली, अर्ध्या उकडलेल्या अंड्याएवढा फुगा आला होता. बोटानं दाबला तर मऊ होता, आजूबाजूचं रबर मात्र टणक. त्याच्या समोरच रिमची कड आत दबली होती, तिथे रुपयाचं नाणं उभं राहिलं असतं एवढी. हवा बारीक सूं सूं करत जात होती. हे होतं ते असं: खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये साइडवॉल चिमटीत सापडते, आतले धागे तुटतात आणि तिथून हवा रबराला बाहेर ढकलते. याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. असा टायर पुढे कधीही फुटू शकतो.

स्टेपनी काढली, जॅक लावला आणि नट उघडेनात. अलॉयची भोकं अरुंद होती म्हणून दुकानदारानं बारीक, खाचांचे नट बसवले होते आणि त्यांना वेगळी चावी लागते. ती चावी मला कधी दिलीच नव्हती. गाडीसोबतचा पाना त्या भोकात जात नव्हता. पाऊण तास मी टपरीच्या ताडपत्रीखाली उभी होते. टपरीवाल्या दादांनी चहाचे पैसे घेतले नाहीत आणि ओळखीच्या पंक्चरवाल्याला फोन लावला. तो बुटीबोरीकडून मोटरसायकलवर पातळ सॉकेट घेऊन आला, तोपर्यंत पावणेनऊ झाले होते. चाक बदलून त्याने तीनशे रुपये मागितले, मी पाचशे दिले. त्यानेच सांगितलं, "ताई, ऐंशीच्या वर नका नेऊ, न् हे पंधराचं चाक जास्त दिवस पुढं नका ठेवू." पुढची चाकं गाडी ओढतात. त्यांत डाव्या-उजव्याच्या व्यासात फरक असला तर गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या भागाला, सतत काम पडतं. थोड्या अंतराला चालतं. लांब जायचं असेल तर वेगळं चाक मागे न्यावं.

नवे अलॉय बसवले की त्याच दिवशी, दुकानातच, स्वतःच्या हाताने एक चाक काढून स्टेपनी लावून पाहा. मी ते केलं असतं तर ती संध्याकाळ तशी गेली नसती.

पुढचे पाच आठवडे गाडी घरी आणि मी कंपनीच्या बसनं. आधी टायरच्या वॉरंटीसाठी दुकानात अर्ज केला: बिलाची प्रत, टायरचा सिरियल नंबर, फोटो. अकरा दिवसांनी उत्तर आलं की हा आघात आहे, बनावटीचा दोष नाही, म्हणून वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीच्या कागदावर ते आधीपासून छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. मग विमा. माझ्या पॉलिसीत टायरचं वेगळं कवच घेतलेलं नव्हतं, त्यामुळे नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्यात सतराचे अलॉय मी विमा कंपनीला कळवलेच नव्हते. मी सरळ मेल लिहिला, सगळं खरं सांगितलं आणि विचारलं की पुढे काय करू. नऊ दिवसांनी उत्तर आलं: सतरा ठेवायचे असतील तर ती गाडीतली फेरफार धरली जाईल, बिल द्या, पाहणी होईल, हप्ता वाढेल. याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी देते तो आकार लावला तर फक्त कळवून ठेवा. हा मेल मी छापून गाडीच्या कागदांत ठेवला आहे.

गिरीपेठच्या आरटीओतही एक दुपार गेले. दीड तास लागला, पण माणसं नीट बोलली. आरसी बुकावर माझ्या टायरचा आकार लिहिलेला नाही, तिथे काही बदलायचं नव्हतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये छापलेल्या आकारांत राहा, असं तिथे सांगण्यात आलं.

मॅन्युअल उघडलं. पाच वर्षं ते डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून होतं. त्यात दोनच आकार आहेत: १८५/६५ आर१५ आणि १९५/५५ आर१६. दुसरा झेटा आणि अल्फा या बलेनोच्या वरच्या प्रकारांना येतो. म्हणजे मला हवा असलेला उपाय गाडी बनवणाऱ्यांनीच करून, तपासून ठेवला होता.

त्याच रात्री लोड इंडेक्स म्हणजे काय ते मी समजून घेतलं. टायरवर आकारानंतर एक आकडा आणि अक्षर असतं. माझ्या मूळ टायरवर ८८ होतं, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. सतराच्या टायरवर ८४, म्हणजे ५०० किलो. गाडीच्या वजनाला ५०० अपुरे पडत नव्हते, पण हाताशी असलेली माया कमी झाली होती. तेवढंच ओझं उचलायला अशा टायरला हवा जास्त लागते, आणि माझ्या टायरमध्ये ती उलट कमी होती. सोळाच्या टायरचा आकडा ८७, म्हणजे ५४५ किलो. पुढचं अक्षर वेगाचं असतं, एच म्हणजे २१० किलोमीटर ताशी, व्ही म्हणजे २४०. आपल्याला वेगाचं अक्षर जास्त लागत नाही, पण आधीचा आकडा मूळ टायरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकाराच्या खाली जाऊ देऊ नका.

एका सकाळी दोन चाकं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काट्यावर ठेवली. पंधराचं स्टीलचं चाक टायरसकट १५.४ किलो. सतराचं अलॉय टायरसकट १९.२. अलॉय म्हणजे हलकं, असं मी धरून चालले होते. स्टोअरकीपरभाऊंनी काटा पुन्हा शून्यावर आणून मोजलं, तरी तेवढंच.

सोळाचे कंपनीचे मूळ अलॉय नवे घ्यायचे तर महाग. पण अनेक जण नवी गाडी घेतल्याबरोबर अलॉय बदलतात आणि मूळचे विकतात. तीन आठवडे शोधल्यावर वाडीला एका घरी चार मिळाले, वीस हजारांत. घेताना मी मिस्त्रीकाकांना सोबत नेलं. त्यांनी प्रत्येक रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून कड डोलते का पाहिलं, मागच्या बाजूला वेल्डिंगची खूण आहे का पाहिलं. मूळ रिम असल्यामुळे मधलं भोक हबला बरोबर बसतं, कडी लागत नाही आणि गाडीचे साधे नट चालतात.

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार. १९५/५५ आर१६, एकाला सहा हजार सातशे, चारचे सव्वीस हजार आठशे. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग बाराशे. या वेळी दुकान दुसरं होतं आणि मी एक कागद घेऊन गेले होते: आकार, लोड इंडेक्स, तारीख, हवा किती, नट कुठले. कारागिरानं कागद वाचला आणि म्हणाला, "असं लिहून आणलं तर आम्हालेही बरं पडते जी."

सतराच्या संचाचं काय केलं? वाकलेला रिम बावीसशेला सरळ करून घेतला आणि चार रिम, तीन टायर तेहतीस हजारांना विकले. घेणाऱ्या मुलाला कुठला रिम दुरुस्त आहे ते खडूनं खूण करून दाखवलं आणि तो मागच्या चाकाला लाव म्हटलं. फुगा आलेला टायर मी विकला नाही, साइडवॉल कापून भंगारात दिला, म्हणजे कुणी तो पुन्हा चढवणार नाही.

पैशांचा एकूण हिशेब: सतरावर ऐंशी हजार, कड्या आठशे, रिम दुरुस्ती बावीसशे, सोळावर अठ्ठेचाळीस हजार. त्यातून तेहतीस वजा. अठ्ठ्याण्णव हजार रुपये लागले. पहिल्याच दिवशी सोळावर गेले असते तर अठ्ठेचाळीस. मला ही रक्कम लहान नाही, महिना महिना जुळवून भरली आहे.

सोळावर गाडी कशी चालते? साइडवॉल १०७ मिलिमीटर, म्हणजे मूळपेक्षा १३ कमी. व्यास ६२०.९, मूळच्या जवळपास बरोबर. स्टीअरिंगचा तो सतरावाला नेमकेपणा पूर्ण नाही, पण पंधरापेक्षा नक्की चांगलं. समृद्धीवर शेजारून बस गेली तरी गाडी हलत नाही. त्यातला काही भाग नव्या टायरचाच असणार, घासलेल्या पंधरावर मी जे अनुभवलं त्याचा सगळा दोष आकाराला देणं बरोबर नाही. नवे १८५/६५ लावले असते तरी फरक पडला असता, आणि ते पंचवीस हजारांच्या आत झालं असतं. ज्यांचं फिरणं शहरातच आहे, घरात म्हातारं माणूस आहे, त्यांना मी तेच सुचवते. सरासरी आता १७.८ येते. पुलाच्या जोडांवर आवाज येतो, पण ठक् नाही, धप्.

भर पावसात मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली आहे. रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त वेळ लागतो, साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. म्हणून पाणी दिसलं की वेग साठच्या खाली आणते आणि खाच तीन मिलिमीटरवर आली की टायर बदलणार आहे, कायद्याच्या १.६ ची वाट पाहणार नाही.

२०२५ च्या भाऊबीजेपर्यंत या टायरवर पंधरा हजार किलोमीटर झाले. दहा हजारांवर पुढचे मागे, मागचे पुढे केले. खाचेत गेज घालून मोजलं, चारही सारखे घासलेत, कडेला जास्त नाही, मध्ये जास्त नाही, म्हणजे हवा आणि अलाइनमेंट बरोबर आहे. कारंज्याला जाताना आई मागच्या सीटवर उशी घेऊन बसली होती. सेलूच्या पुढे मी आरशात पाहिलं, तिचे हात मांडीवर होते.

परतल्यावर डिकी साफ करताना स्टेपनी बाहेर काढली. खाचा नव्यासारख्या, कारण ती फक्त एकदाच चालली आहे. पण साइडवॉलवर बारीक भेगा पडल्या आहेत आणि कोड तोच, ४८१८. सात वर्षं. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. पुढच्या शनिवारी तिचा टायर बदलायचा आहे. दुकानात फोन करून १८५/६५ आर१५, ८८, चालू वर्षाचा, असं सांगून ठेवलं आहे.